कुस्तीसंघाचा कर्णधार

शाळेच्या कुस्तीसंघास कर्णधार कशास हवा, हा प्रश्न प्रथमदर्शनी थट्टेचा वाटेल. क्रिकेटचा कर्णधार चेंडू कोणाच्या हाती द्यावयाचा हे ठरवितो; कुस्तीत एकदा सलामी झडली की मल्ल एकटा. पुणे-नाशिक रस्त्यावरील पेठ हे आमचे गाव. जुन्नर-आंबेगावाकडील चैत्र-वैशाखाच्या जत्रांतले आखाडे पाहतच आम्ही वाढलो. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत तेथे जो तो आपल्याच बळावर लढे. ‘संघ’ हा शब्द त्या तांबड्या मातीत आम्ही कधी ऐकला नाही.

शाळेत मात्र एका वजनगटात एकच मुलगा पाठवावयाचा असे, आणि नीतीचा प्रश्न उद्भवतो तो येथेच. आमच्या संघाचा कर्णधार दहावीत होता. निवडीपूर्वी आठवडाभर आधी त्याच्याच वजनाच्या, दोन इयत्ता खालच्या एका मुलाने त्यास सरावात तीनदा चीत केले. पाहणारे आम्ही दोघे-तिघेच. कर्णधाराने ती गोष्ट आपण होऊन शिक्षकांस सांगितली आणि सर्वांदेखत निवडीची कुस्ती मागितली. तीत तो जीव तोडून लढला व हरला. त्या रात्री तो जेवला नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. यास कोणी त्याग म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. जागा सोडून देणे सोपे होते, दडवून ठेवणे त्याहून सोपे. त्याने जे खरे होते ते उघड्यावर ठरू दिले, इतकेच.

पण जागा गेल्यावर कर्णधारास उरते काय? १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी झालेली दीर्घ झुंज संपते न संपते तोच त्यांस पुढील कुस्तीस उभे केले गेले, असे सांगतात. मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो पंचांपुढे मांडावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. एवढ्या थोर मल्लासही कडेला कोणीतरी आपले माणूस लागतेच.

तालुक्याच्या सामन्यांत त्या लहान मुलाच्या नाकातून रक्त आले. पंच कुस्ती पुढे चालविणार, तोच हौद्याच्या कडेवरून आमचा कर्णधार हात वर करून ओरडला, “थांबा, त्याला आधी रक्त पुसू द्या!” पंच रागावले, पण थांबले. त्याने आपल्या पंचाने मुलाचे तोंड पुसले, दोन घोट पाणी पाजले आणि त्यास पुन्हा मातीत सोडले.

ती कुस्ती तो मुलगा हरला. परतीच्या एस्टीत दोघे एकाच बाकावर बसले होते.