सोवळं पीस

डेन्व्हरजवळ कॉमर्स सिटीत एक सरकारी कचेरी आहे, तिथे मेलेले गरुड येतात. नॅशनल ईगल रिपॉझिटरी. देशभरातून, गोठवून, खोक्यांत भरून. कोणी गाडीखाली आलेला, कोणी विजेच्या तारेला चिकटलेला. बाल्ड ईगल नाण्यावर कितीही राजबिंडा दिसो, मेलेलं जनावर त्याला वर्ज्य नाही. रस्त्यावरच्या हरणाच्या मढ्यावर बसतो आणि पुढच्या गाडीला सापडतो. या कचेरीतून पिसं, पंख, कधी अख्खा पक्षी नेटिव्ह अमेरिकन जमातींच्या सदस्यांना धर्मकार्यासाठी पाठवतात. फुकट, पण अर्ज करायचा नि रांगेत थांबायचं. बाकी कोणी, म्हणजे मी, गळून पडलेलं पीस उचललं तरी गुन्हा.

मी भिक्षुकाच्या घरात वाढले, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो सोवळ्याचा. असं टपालाने आलेलं पीस देवाला चालतं का?

2005 साली वायोमिंगमध्ये उत्तर अरापाहो जमातीच्या एका तरुणाने सूर्यनृत्यासाठी बाल्ड ईगल मारला. खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, 2008 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. बचावाचं म्हणणं होतं की विधीला शुद्ध पक्षी लागतो, तारेला चिकटून मेलेला चालत नाही. पुढे 2012 मध्ये वन्यजीव खात्याने जमातीला दोन गरुड मारायची परवानगी दिली, तीही राखीव प्रदेशाबाहेर. कारण त्याच भूमीवर राहणाऱ्या पूर्व शोशोनींचा गरुड मारायलाच विरोध होता.

माझं मन आधी शोशोनींकडे धावलं. मग आजोबांचा कद आठवला. पूजेला ते रेशमी कदच नेसत. सुती धोतर कोणाच्या स्पर्शाने ओवळं व्हायचं, रेशीम नाही. ते रेशीम कोश उकळून काढतात, आत किडा जिवंत असताना. मुंगीवर पाय पडला तर हळहळणारे आजोबा; पण या किड्याचं नाव घरात कोणी कधी काढलं नाही.

कायद्याने गरुड वाचला हे खरंच. डासांसाठी फवारलेलं डीडीटी माशांतून त्याच्या पोटात गेलं, अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटायची. 1963 मध्ये अलास्का सोडून घरटी करणाऱ्या जोड्या उरल्या 417. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, 2007 मध्ये पक्षी धोक्याच्या यादीतून निघाला, आणि 2021 च्या सरकारी अहवालात जोड्यांचा अंदाज होता 71,400. दोन पक्ष्यांनी त्यात काय फरक पडतो, हा युक्तिवाद सोपा आहे आणि मला निरुपयोगी वाटतो. एका किड्याने रेशमाचाही तुटवडा पडत नाही.

मला खटकतं ते कर्त्याचं. तारेने मारलं त्याचा कर्ता कोण? डीडीटीने हजारो अंडी फोडली, पण फवारणाऱ्याच्या मनात गरुड नव्हताच. हेतू नाही म्हणून पाप नाही, अशी पळवाट आपल्याकडेही फार जुनी आहे. मेलेल्या गरुडांची ती कचेरी ज्या आवारात आहे तिथेच लष्कराने 1942 पासून मस्टर्ड गॅस बनवला, नंतर एका कंपनीने कीटकनाशकं. 1986 च्या हिवाळ्यात तिथेच बाल्ड ईगल रात्रीच्या मुक्कामाला उतरताना दिसले.

अरापाहो तरुणाने मात्र मरण स्वतःच्या नावावर घेतलं. मारणं मला पटत नाही, आजही नाही. पण आमच्या कदापेक्षा त्याचं पीस अधिक सोवळं आहे, हे मला नाकारता येत नाही.