नळीतला डोळा

त्या बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं.

नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या खोक्यातून दोन रिमोट, एक कॅसेट आणि ती बंदूक निघायची. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा परवाना घेऊन बनवलेला सामुराई कंपनीचा संच थोड्या घरांत; बाकीच्यांकडे तैवान-चीनकडून आलेले नकली संच. बदकांचा गेम कुणाला शिकवावा लागला नाही. नळी थेट काचेला टेकवायची लबाडीही ज्याची त्याला सुचली. मात्र ही बंदूक चालते कशी, हे तिच्याबरोबर वाढलेल्या पुष्कळांना आजही ठाऊक नाही.

चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा. पुढच्याच चित्रात, बदक होतं नेमकं तिथे, पांढरा चौकोन उमटायचा. नळीत भिंगामागे प्रकाश ओळखणारा एक बारीक घटक बसवलेला होता. काळोखानंतर त्याला उजेड दिसला, तर बदक पडलं. नाही दिसला, तर उडालं. दोन बदकं असली तर दोन चौकोन, एकामागून एक. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला 50 वेळा पडदा रंगवला जायचा, म्हणून हे सारं पापणी लवण्याआधी उरकायचं.

म्हणजे सुटायचं ते पडद्याकडून. बंदूक फक्त झेलायची.

०

आधी हे उलट होतं. 1936 साली अमेरिकेत सीबर्ग कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ नावाचं नेमबाजीचं यंत्र आणलं. त्यात बंदूक उजेड फेकायची आणि डोळा बदकाच्या अंगात होता. जपानमध्ये मासायुकी उएमुरा हे शार्प कंपनीसाठी प्रकाशघट विकत. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ते घट घेऊन 1970 च्या सुमारास खेळण्यातल्या प्रकाशबंदुका बनवल्या. तिथेही डोळा लक्ष्यातच. पुढे उएमुरा निन्टेन्डोत गेले आणि 1983 चा फॅमिकॉम हा टीव्ही गेमचा संच त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला. त्याच्या जोडीला 1984 मध्ये बंदूक आली, तेव्हा डोळा लक्ष्यातून निघून बंदुकीत बसला होता.

शिकाऱ्याने पाहायचं आणि सावजाने दिसायचं, हा जुना करार. इथे दिसण्याचं काम सावज स्वतः करतं, उजळून. इतकी निरुपद्रवी बंदूक माणसाने दुसरी बनवली असेल असं मला वाटत नाही.

पण निरुपद्रवी जन्म तिचा नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. 1958 पासून अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत सैनिक काळोख्या खोल्यांत बसून रडारच्या पडद्यावरच्या ठिपक्यांवर अशीच प्रकाशबंदूक टेकवत. ठिपका म्हणजे विमान. चाप ओढला की संगणकाला कळे, याच्याकडे लक्ष दे. तिथेही बंदुकीने कुणाला मारलं नाही. मारायचं कुणाला ते दाखवलं. युद्धाच्या खोलीतून दिवाणखान्यात येताना तिचं काम बदललं नाही, परिणाम बदलला.

०

निन्टेन्डोची पुढची प्रकाशबंदूक, सुपर स्कोप, 1992 ची. खांद्यावर घ्यायची, वायर नसलेली. तिची रीत आणखी सुंदर होती. पिक्चर ट्यूबमध्ये किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळ ओळ रंगवत जातो. नळीतल्या डोळ्याला उजेड कोणत्या क्षणी दिसला ते यंत्र मोजायचं. कधी दिसलं, यावरून कुठे दिसलं ते कळायचं. वेळेचं स्थळात रूपांतर करणारं साधन मुलांच्या खांद्यावर होतं, आणि आपण त्याला खेळणं म्हणून बाजूला ठेवलं.

दुसऱ्याच वर्षी, 1993 मध्ये, सुपर मारिओवर हॉलिवूडचा चित्रपट निघाला. त्यातल्या पात्रांच्या हाती हाच सुपर स्कोप रंग बदलून खरं शस्त्र म्हणून दिला होता. 2001 मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या गेममध्ये तो जमिनीवर पडलेला सापडतो. उचलला की त्यातून धडाधड गोळे सुटतात. 2015 मध्ये ‘स्प्लॅटून’ हा गेम आला. त्यात शाईने जमीन रंगवायची असते, आणि बदकांच्या गेमची जुनी बंदूक ‘एन-झॅप 85’ या नावाने शाई उडवू लागली. 85 म्हणजे ती अमेरिकेत पोचली ते साल, रंग तेव्हाचा राखाडी. तिची जुळी ‘एन-झॅप 89’ नारिंगी. अमेरिकेत खेळण्यातली बंदूक खऱ्या बंदुकीपासून वेगळी ओळखता यावी असा कायदा 1988 मध्ये झाला, त्या सुमारास मूळ बंदुकीलाही नारिंगी रंग चढला होता. गेममध्ये मुलं आज ज्या दोन रंगांतून आवडीचा निवडतात, त्यांच्यामध्ये एक कायदा उभा आहे.

पांडवांनी शमीवरची शस्त्रं उतरवली तेव्हा गांडीव गांडीवच होतं. वर्षभराच्या अज्ञातवासाने त्याची प्रत्यंचा बदलली नाही. प्रकाशबंदूक परतली ती तशी नाही. जे तिला कधीच येत नव्हतं ते, फेकणं, तिला दिलं गेलं. आणि जे एकच येत होतं ते, पाहणं, काढून घेतलं गेलं.

मला हा सन्मान वाटत नाही. ज्यांनी ती गेममध्ये आणली त्यांचं प्रेम खरं आहे, तारखा आणि रंग त्यांनी भक्ताच्या काटेकोरपणाने जपले आहेत. पण डोळ्याचा पुतळा करताना त्याच्या हाती तलवार द्यावी असं ते झालं आहे.

०

आणि घरोघरच्या खऱ्या बंदुकांचं काय झालं? देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर मुंबईचा कचरा 1927 पासून येतो. घरोघरचे पिक्चर ट्यूबचे टीव्ही सपाट पडदे आल्यावर गेले. सगळे काही देवनारला गेले नाहीत. बरेचसे वाटेतच, कुर्ल्यापासून गोवंडीपर्यंतच्या भंगाराच्या गोदामांत उघडले गेले. ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलमधलं तांबं आधी निघतं. काचेत शिसं असतं, ती कुणाला नको असते.

सपाट पडद्यावर ही बंदूक आंधळी होते. नवा टीव्ही चित्र आधी स्वतःजवळ घेतो, घोटतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात डोळा मिटलेला असतो. बंदूक बिघडली नव्हती. तिच्याकडे पाहणारं कुणी उरलं नव्हतं. टीव्ही गेल्यावर ती माळ्यावर, माळ्यावरून पिशवीत, आणि पिशवीतून भंगारवाल्याच्या काट्यावर गेली.

तिथे तिचं काय होतं? वायरीतलं तांबं वेगळं, स्प्रिंगचं लोखंड वेगळं, अंगाचं प्लास्टिक वेगळं. भंगार आकार मोडतं आणि द्रव्य ठेवतं. गेम द्रव्य सोडून देतो आणि आकार ठेवतो. मला वाटतं यांत भंगार अधिक प्रामाणिक आहे, कारण तांब्याला ते तांबंच म्हणतं. पण रीत दोघांनीही टाकली: काळा पडदा, पांढरा चौकोन, वाट पाहणारा डोळा. ती ना आकारात होती ना द्रव्यात. ती टीव्ही आणि बंदूक यांच्या मधल्या दोन-तीन हातांच्या हवेत होती, आणि हवा कुणी वजन करून घेत नाही.

०

कचरा वेचणाऱ्या बायकांचं काम मी पाहिलं आहे. प्लास्टिकचा तुकडा हातात आला की ती बाई तो वाकवते. तडकतो की वाकतो, कोणता आवाज करतो, यावरून कोणत्या ढिगात टाकायचा ते ठरतं. यंत्र नाही, चिठ्ठी नाही. तिचा दिवसाचा पैसा या पाहण्यावर आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने मुंबईतल्या कचरावेचक बायकांना संघटित करण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा हे कौशल्य आहे एवढं मान्य करून घेण्यासाठीही झगडावं लागलं. फेकणाऱ्याचं नाव शहराला माहीत असतं. पाहणाऱ्याला हुद्दा नसतो.

गेममध्येही हेच झालं, म्हणून मला ते लागतं. पाहणारी बंदूक नव्या मुलांना कळणार नाही, असं कुणीतरी गृहीत धरलं. बंदूक म्हणजे काहीतरी सुटलंच पाहिजे. तीस वर्षांपूर्वी आमच्या पिढीला जे न सांगता खेळता आलं, ते आज समजावण्याचाही कुणी प्रयत्न केला नाही.

2014 च्या ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये एक गोष्ट मात्र फार चांगली घडली. बदकांच्या गेममधला शिकारी कुत्रा आणि एक बदक तिथे एका बाजूने लढतात. त्यांच्यासाठी गोळ्या झाडणारा पडद्यावर कुठेच दिसत नाही. दिसते ती फक्त त्याच्या नेमाची खूण. बंदूक पडद्याबाहेर ठेवली आहे, खेळणाऱ्याच्या खोलीत, जिथे ती खरोखर होती. ज्याने हे सुचवलं त्याला ती बंदूक कळली होती.

०

देवनारचा जुना कचरा आता उपसायचा आहे. 2025 मध्ये महापालिकेने त्यासाठी निविदा काढली. आकडा 1 कोटी 85 लाख टनांचा. अशा कामात माती चाळून वेगळी करतात आणि जळण्याजोगं प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातं. त्या ढिगात कुठेतरी बंदुकाही असणार. त्या जळतील, आणि त्यांचं मला फारसं दुःख नाही. प्लास्टिक पुन्हा ओतता येतं.

पिक्चर ट्यूबचं तसं नाही. औरंगाबादच्या धूतांच्या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये थॉमसनचे ट्यूबचे कारखाने विकत घेतले, तेव्हाच जग त्यातून बाहेर पडत होतं. आता नवी ट्यूब बाजारात येत नाही. इंग्लंडमध्ये अँडी सिंडेन यांनी सपाट पडद्यावर चालणारी बंदूक बनवली. तिच्या नळीत कॅमेरा आहे आणि तो चित्राभोवतीची पांढरी चौकट शोधतो. डोळा परत नळीत आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती वेगळी रीत आहे, आणि जुनी रीत दाखवायला ती पुरणार नाही.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक चालू ट्यूबचा टीव्ही, एक संच आणि कवच कापून उघडी केलेली एक बंदूक ठेवावी. शेजारी तोच काळा पडदा आणि तोच पांढरा चौकोन संथ गतीच्या चित्रफितीत दाखवावा. महागडं काही नाही यात. ट्यूबचे टीव्ही उघडून दुरुस्त करणारे हात चेंबूरला, गोवंडीला अजून आहेत. साठीच्या आसपासचे आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवं.