मेडिकलमधला नकार

संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच रोज घेतली गेली तर तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिलेले असते. पण घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, आणि ही त्यांच्याच डब्यात जाऊन बसते. मेडिकलवाल्याने पाकीट हातात देताना ‘कोणत्या वारी घेणार?’ एवढे विचारले आणि तो वार पाकिटावर लिहून दिला, तर अनर्थ टळण्याची शक्यता खूप वाढते. औषधाच्या दुकानाचा दर्जा मी या एका प्रश्नावरून ठरवीन.

आपले नियम दर्जा शोधतात तो डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत. किमान दहा चौरस मीटर जागा, फ्रिज, भिंतीवर परवाना. यातले काहीच फालतू नाही. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहिले पाहिजे, आणि चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा ‘30 अंशांखाली ठेवा’ असे छापलेल्या गोळ्यांचे पत्र्याच्या छपराखाली काय होत असेल, हा प्रश्न रास्तच आहे. रात्री शटर ओढताना मेन स्विच बंद केला, तर परवान्यासाठी घेतलेला फ्रिज सकाळपर्यंत नुसते कपाट असतो. तपासणी मात्र दिवसा होते.

चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे, हे 1945 च्या नियमांत आहे. तरी सर्टिफिकेट एका दुकानात टांगलेले आणि त्याचा धनी दुसऱ्याच नोकरीत, हा भाड्याचा व्यवहार महाराष्ट्रात कुणाला नवा नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012 च्या सुमारास, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटना खवळल्या होत्या. फार्मासिस्ट मिळतच नाहीत, ही तेव्हाची तक्रार. ज्या राज्यात डी. फार्म. आणि बी. फार्म.ची इतकी कॉलेजे, तिथे ती ऐकून हसावे की रडावे कळेना. मोहीम योग्यच होती. पण हजर असलेला माणूस मालकाचा पगारी असेल, तर गिऱ्हाईक परत पाठवण्याची हिंमत त्याने कुठून आणायची?

खरी गाठ पैशात आहे. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांसाठी 2013 च्या आदेशात किरकोळ विक्रेत्याचा वाटा 16 टक्के धरला आहे. म्हणजे विकले तर मिळणार, समजावून सांगितले तर काही नाही, आणि ‘चिठ्ठीशिवाय देणार नाही’ म्हटले तर उलट तोटा. प्रतिजैविकासाठी आलेला माणूस नकार ऐकून शेजारच्या दुकानात जातो आणि पुढच्या महिन्यापासून आईच्या बीपीच्या गोळ्याही तिथूनच घेतो. अनेक प्रतिजैविके ज्या यादीत आहेत, ती ‘एच-वन’ यादी 2014 च्या मार्चपासून लागू झाली. प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरात नोंद, ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. नोंद विक्रीची होते. नकाराची नोंद कुठेच नाही, मोबदला तर दूरच. इंग्लंडमध्ये 2011 पासून, दीर्घ आजारावर नवे औषध सुरू झालेल्या रुग्णाशी फार्मासिस्टने बोलावे यासाठी सरकारी आरोग्यसेवा दुकानाला पैसे देते. आपल्याकडे 2015 च्या नियमावलीत समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिले गेले, पण त्याचा खर्च कुणाच्या खिशातून, याबद्दल सारे चिडीचूप.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जिथे डॉक्टर गाठायला दिवस मोडतो, मजुरी बुडते, तिथे मेडिकलवालाच डॉक्टर असतो. त्याला नियमांनी जखडले तर गरिबाने काय करायचे? त्याने ताप उतरवायला पॅरासिटामॉल द्यावे, जुलाबाला ओआरएस द्यावे, त्याला कुणाची हरकत नाही. पण ‘दोनच द्या’ म्हटल्यावर कात्रीने स्ट्रिप कापून प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या देणे ही गरिबाची सेवा नव्हे. दोन गोळ्यांनी संसर्ग जात नाही, आणि कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव किंवा मुदतीची तारीख उरेलच असे नाही.

काही गोष्टी मात्र दुकानाच्या आवाक्याबाहेर असतात, हेही मान्य केले पाहिजे. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची मुले ज्या खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यातले डायएथिलीन ग्लायकॉल बाटली उजेडात धरून कुणाला दिसले नसते. त्यातली बरीच मुले उपचारांसाठी नागपूरला आणली गेली होती. अशा वेळी दुकानाने करायचे काम एकच: कोणत्या बॅचची बाटली कोणत्या घरी गेली, हे तासाभरात सांगणे. बिलावर बॅच नंबर आणि गिऱ्हाइकाचे नाव असेल तरच ते जमते. आणि ‘बिल राहू द्या, दहा रुपये कमी करा’ असे म्हणणारे काउंटरच्या अलीकडचे, म्हणजे आपणच.