कायद्याने काय राखता येते?

वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी २०२० साली कडेची जुनी झाडे तोडण्यात आली. गांधीजींच्या काळापासूनची म्हणून लोक ती झाडे ओळखत, आणि नागरिकांनी तोडीस विरोध केला. त्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न अद्याप जिवंत आहे. एखाद्या परिसराला इतिहासाने दिलेला अर्थ जपण्याची सक्ती कायद्याने करावी काय? आणि केली, तर नेमके काय जपले जाते?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. त्याच वाटेने रुग्ण कस्तुरबा रुग्णालयात येतात, त्याच वाटेने मुले शिकावयास जातात. गेलेल्यांच्या आठवणीसाठी हयात माणसांनी अडचण का सोसावी, हे विचारणे गैर नाही. परंतु सर्व हानी एका मापाची नसते. रस्ता उद्याही रुंद करता येतो, वळवता येतो. ऐंशी वर्षांचे झाड मात्र एका पिढीला पुन्हा उभे करता येत नाही. जे परत आणता येत नाही, ते मोडणाऱ्याने आधी गरज सिद्ध केली पाहिजे. शिवाय ज्यांचे नुकसान होते, त्यांपैकी बरेच जण अजून जन्मलेले नाहीत. त्यांच्या वतीने बोलावयास कोणी तरी हवे, आणि कायद्याचे ते एक मोठे काम आहे.

आपले कायदे मात्र बहुधा वय मोजतात. पुरातन वास्तूंच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार वास्तूस किमान १०० वर्षे व्हावी लागतात. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेव्हाच्या शेगावात आले. म्हणजे आश्रमातील सर्वांत जुन्या कुटीलाही २०३६ पर्यंत वाट पाहावी लागेल. महाराष्ट्राने २०२१ साली ५० वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष मानले, पण तो कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे. शहराच्या हद्दीतील झाड वारसा ठरते. शिवारातील तितकेच जुने झाड त्या व्याख्येबाहेर राहते.

आणि सेवाग्रामचे मोल वयात नाहीच. माती, बांबू आणि कवेलू, गावातले साहित्य आणि गावातलेच कारागीर, एवढ्यावर माणूस मानाने राहू शकतो, हे त्या कुटींनी दाखवले. १९५१ साली गुरुदीक्षा घेतलेले आणि पुढे कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर शिक्षणकार्य केलेले विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये सेवाग्रामला आले होते. बापू कुटीत बसून त्यांना जाणवले, की माणसाचे घर वेगळे आणि सामान साठवण्याची जागा वेगळी. हा विचार कोणत्या कलमात बसवावा? कुटी शाबूत राहिली आणि भोवती दिखाऊ बांधकामांची गर्दी झाली, तर कायद्याचा भंग न होताही वारसा बुडालेला असेल.

त्याच समुद्रातील बार्बुडा बेटाचा अनुभव बोलका आहे. २००७ च्या कायद्याने तेथील जमीन रहिवाशांची सामायिक मानली, आणि मोठ्या प्रकल्पांसाठी त्यांची संमती आवश्यक ठरवली. २०१७ च्या सप्टेंबरात चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त झाले व सारे रहिवासी हलवावे लागले. त्यानंतर थोड्याच काळात सरकारने तो कायदा बदलला. लोकांनी प्रतिकार केला. पण घरदार गमावलेल्या माणसांची शक्ती ती किती?

म्हणून आम्हांस वाटते, कायदा हवाच, परंतु तो कुंपणासारखा आहे. कुंपण गुरे अडवते, पीक वाढवीत नाही. पीक वाढवणे ग्रामसभेचे, शाळेचे आणि घराघराचे काम आहे. आपल्या चर्चच्या आवारातील जुनी विहीर बुजवण्याचा किंवा चिंच तोडण्याचा विषय निघेल, तेव्हा ‘परवानगी लागते का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हे गेल्यावर आपल्या नातवंडांना काय उरेल?’ हेही विचारावे. त्याचे उत्तर अधिकाऱ्याकडे नसते, आपल्याकडेच असते.