जागेचे पावित्र्य आणि नकाशा

मानवी भूगोल जागेकडे दोन अंगांनी पाहतो. एक अंग स्थितीचे. छत्रपती संभाजीनगर साधारण १९ अंश ५३ मिनिटे उत्तर अक्षवृत्तावर आणि ७५ अंश २० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली तेव्हाही हे आकडे हेच होते. पुढे तिचे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले; आकडे जागचे हलले नाहीत. दुसरे अंग ठिकाणाचे. माणसे जिथे वावरतात, ज्याला नाव देतात, ज्याची आठवण ठेवतात, ते ठिकाण. यी-फू तुआन या भूगोलज्ञाने १९७७ च्या आपल्या पुस्तकात हा फरक विस्ताराने मांडला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

पावित्र्य यांपैकी कशाला चिकटते, हा प्रश्न मात्र भूगोलाहून जुना आहे. वैशेषिक दर्शनात दिक् हे नऊ द्रव्यांपैकी एक. ते एकच, नित्य आणि सर्वव्यापी. पूर्व, पश्चिम हे भेद त्याचे स्वतःचे नव्हेत, सूर्याच्या उदयास्तासारख्या उपाधींमुळे ते भासतात. हे मान्य केले की जमिनीचा एक तुकडा शेजारच्या तुकड्याहून आपोआप पवित्र ठरू शकत नाही. पावित्र्य बाहेरून यावे लागते. ते कसे येते, याची दोन अगदी वेगळी उत्तरे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच शेजारी शेजारी सापडतात.

पहिले उत्तर प्रतिरूपाचे. पैठणला दक्षिण काशी म्हणतात. गोदाकाठी काशीचे महत्त्व उतरते, मूळची काशी उणावत नाही. वेरूळचे सोळावे लेणे हे तर एकाच कातळातून कोरून काढलेले कैलासाचे रूप आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हिमालयापलीकडचा पर्वत असा दख्खनच्या बेसाल्टात अवतरला. ज्योतिर्लिंगांच्या बाबतीत हीच लवचीकता वादाचे रूप घेते. वेरूळच्या घृष्णेश्वरावर फारसे दुमत नाही. पण वैद्यनाथ परळीचा की झारखंडातल्या देवघरचा, नागेश म्हणजे औंढ्याचा नागनाथ की द्वारकेजवळचा नागेश्वर, हे तंटे मिटलेले नाहीत. नकाशाकाराला एका नावाला एक बिंदू हवा असतो. तीर्थाला तशी अडचण नसते. भाविकाची गैरसोय एवढीच, की बारांची यात्रा पुरी करताना दोन्हीकडे जाऊन आलेले बरे वाटते.

दुसरे उत्तर महानुभावांचे, आणि भूगोलाच्या दृष्टीने ते अधिक कडक आहे. या पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ आहेत. देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, म्हणून देवतांच्या तीर्थांनाही ते सामर्थ्य नाही. ज्या भूमीला परमेश्वरावताराचा प्रत्यक्ष संबंध घडला, तेवढीच नमस्काराला पात्र. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, ज्यांना पंथ परमेश्वराचा अवतार मानतो, पैठण, वेरूळ आणि गोदातीरावरच्या गावांत राहिले, हिंडले, जेवले, बोलले. ते उत्तरापंथे निघून गेल्यावर म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’त लीळा जमवल्या. त्या लीळा नेमक्या कुठे घडल्या, हे चौदाव्या शतकातल्या ‘स्थानपोथी’ने नोंदवले. ही पोथी मुनिव्यास कोठी यांच्या नावावर आहे आणि वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले आहे.

‘स्थानपोथी’त एकही रेखाचित्र नाही, तरी तिला नकाशाच म्हटले पाहिजे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ आहे, त्याचे दार कुठे उघडते, चौक कोणत्या बाजूला, त्या चौकात स्वामींचे आसन कोणत्या कोपऱ्यात, अशा क्रमाने ती वाचकाला मोठ्या जागेतून लहान जागेत नेते. तिची परिभाषाही नेमकी आहे. मुक्काम लांबला तर अवस्थान, रात्रीपुरता असेल तर वसती. बसण्याचे आसन, जेवणाची आरोगणा, फेरफटक्याचे विहरण, अगदी शौचाचे परिश्रयस्थानही. आधुनिक भूगोल जमीनवापराचे वर्ग पाडतो. इथे एका देहाच्या वावराचे वर्ग पाडलेले आहेत.

हा काटेकोरपणा निव्वळ अभ्यासू हौस नव्हे, तो सिद्धान्तातून आलेला आहे. पावित्र्य प्रतिरूपाने येत असेल तर दोन हातांचा फरक क्षम्य असतो. ते स्पर्शाने येत असेल तर चुकीच्या दगडापुढे केलेला नमस्कार वाया जातो. श्रद्धा मोजमाप सैल करते, ही सर्वसाधारण समजूत निदान इथे टिकत नाही.

नकाशाप्रमाणाचा विचार केला की हे आणखी स्पष्ट होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दिला तरी पंचवीस मीटर जमीन झाकली जाते. एवढ्यात एक आख्खे देवालय, त्याचे आवार आणि पोथीने वेगवेगळी सांगितलेली अनेक स्थाने गडप होतात. नकाशात देऊळ, मशीद, ईदगाह, कबर यांना सांकेतिक चिन्हे असतात. त्यामुळे खुलताबादचे दर्गे आणि वेरूळचे देऊळ त्यावर सहज उमटते, महानुभावांच्या स्थानाची खूण असलेला कमरेएवढा ओटा उमटत नाही. नकाशा काय गाळतो यावरून तो कोणाच्या कामासाठी काढला, हे कळते.

बिंदूकडून प्रदेशाकडे आले की हीच विचारसरणी वेगळे वळण घेते. भूगोलात समान गुणधर्मांवरून ठरणारा तो एकरूप प्रदेश, आणि येण्याजाण्याच्या संबंधांतून घडणारा तो कार्यात्मक प्रदेश. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली आणि विषयबहुल म्हणून कानड व तेलंग देशांत जाण्यास मनाई केली. भूमीच्या गुणावरून आखलेला हा एकरूप प्रदेश झाला. इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिताना ज्या प्रदेशातले लोक पंढरीला चालत जातात तो महाराष्ट्र, असा विचार मांडला. पैठणहून दरवर्षी निघणारी एकनाथांची पालखी त्या कार्यात्मक प्रदेशाची एक रेषा आहे. महाराष्ट्राची राजकीय सीमा १९६० मध्ये आखली गेली. या दोन्ही व्याख्या तिच्यावर तंतोतंत बसत नाहीत, आणि बसाव्यात अशी अपेक्षाही धरू नये.

महानुभावांच्या भूमिकेत एक ताण मात्र उरतो. स्थानाची नक्कल होत नाही, पण दगड हलवता येतो. अवताराचा संबंध घडलेल्या पाषाणाचे तुकडे पंथात जपले आणि पुजले जातात, त्यामुळे दूर राहणाऱ्या अनुयायांपर्यंत ठिकाण पोचते, स्थिती मागेच राहते. शिवाय पोथीने खूण म्हणून सांगितलेली कित्येक देवळे, दारे, झाडे आज नाहीत. ओट्याचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर काही मीटरांपर्यंत नोंदवता येतात, पण त्या नोंदीतून ओटा कुठे आहे एवढेच ठरते. तो योग्य जागी आहे की नाही, याचा पुरावा आजही पोथी आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलेली परंपरा यांच्याकडेच आहे.