द्रोण पगारी मास्तर होता

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गुरू हा शब्द मी वापरणार नाही. बाबासाहेबांनी जिथं वापरला तेवढी जागा सोडून. आमच्या वस्तीत शिकवणाऱ्याला मास्तर म्हणतात, शिकवणारी असली तर बाई. तेवढं पुरे आहे. गुरू म्हटलं की पाय आले. पाय आले की डोकं टेकवणं आलं. आणि डोकं टेकवलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही. तोंड न बघता कसलं नातं करता?

पण नातं करा, असं सगळेच सांगतात. शिक्षकदिनाला फळ्यावर रंगीत खडूनं लिहितात, पाहुणे बोलावतात, आणि पाहुणे सांगतात की मास्तर आणि विद्यार्थी यांच्यात जिव्हाळा पाहिजे, जवळीक पाहिजे. कुणाची कुणाशी जवळीक आणि ती कुणाच्या जिवावर, हे एकही पाहुणा विचारत नाही. मला तेवढंच विचारायचंय.

एकलव्यावर आपल्यातल्या प्रत्येकानं एक तरी कविता लिहिलीय. मी दोन लिहिल्या. तुटका अंगठा, रक्त, धनुष्य, सगळा माल त्यात आहे. पण दोस्तहो, त्या नादात द्रोणाकडं नीट बघायचं राहून गेलं. हा माणूस गरीब. पोराला, अश्वत्थाम्याला, दूध मिळत नव्हतं. बाकीच्या पोरांनी पिठाचं पाणी दूध म्हणून पाजलं आणि ते खुळं पोर नाचलं, असं महाभारतातच आहे. जुना मित्र द्रुपद, त्याच्याकडं गेला तर त्यानं हिणवलं. मग हस्तिनापुरात नोकरी धरली. म्हणजे द्रोण पगारी मास्तर होता. राजवाड्याचा पगार, राजवाड्याची पोरं. त्यातल्या एका पोरावर त्याचा जीव बसला. तुझ्यापेक्षा मोठा धनुर्धर जगात दुसरा होणार नाही, असा शब्द त्यानं अर्जुनाला दिला.

आता बघा. द्रोण आणि अर्जुन यांचं नातं खोटं होतं का? अजिबात नाही. माया होती, शब्द होता, मेहनत होती. पाहुणे ज्याला जिव्हाळा म्हणतात तो तुडुंब भरला होता. आणि निषादाचा पोरगा म्हणून ज्याला आधी परत पाठवला, त्याचा अंगठा मागायला द्रोण गेला तो याच जिव्हाळ्यापोटी. अर्जुन कुरकुरला, मास्तरांना आपला शब्द आठवला. म्हणून माझं म्हणणं असं की जवळीक ही आपोआप चांगली वस्तू नव्हे. एकाला छातीशी धरताना मास्तरचा दुसरा हात काय करतोय ते बघावं लागतं.

आणि एकलव्य? त्याची भक्तीसुद्धा पुरेपूर होती. मातीचा पुतळा केला आणि आपला आपण शिकला. द्रोणानं त्याला दिलं काय? नकार दिला. तरी फी घेतली. ज्यानं शिकवलंच नाही त्याचं आपण काय देणं लागतो, हा साधा प्रश्न त्या पोरानं विचारला नाही. विचारला असता तर द्रोणाला उत्तर द्यावं लागलं असतं. भक्तीनं ती पाळीच येऊ दिली नाही. मला द्रोणाचा राग येतो तसा या भक्तीचाही येतो.

आता माझ्या शाळेतलं. शाळेचं नाव नको, मास्तरांचंही नको. सातवीला होतो. मास्तर वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. कधी हात उगारला नाही. फॉर्म आले की गोड आवाजात म्हणायचे, ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा बघू.’ आम्ही सहाजण उभे. बाकीचे बसून. बसलेल्यांनी आम्हाला नीट मोजून घेतलं. गणितात मला चांगले गुण पडले तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘तुमच्यातनं एवढं केलंस म्हणजे लई झालं.’ शिवी देणाऱ्या मास्तरला निदान मनात उलट शिवी देता येते. या मऊ हाताला काय देणार? ‘लई’ कसं झालं सर, कुणाच्या मापानं, हे विचारायला तोंड उघडावं तर पोरगं कृतघ्न ठरतं. दयेचं असंच असतं. तिला उलट बोलायची सोय नसते. म्हणून दया करणारा माणूस कितीही जवळ आला तरी तो दूरच.

दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं जे काय वाचलं ते वाचनालयात, पाळी सुटल्यावर. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर लागलो तेव्हा काम शिकवायला एक म्हातारा कामगार दिला होता. तात्या म्हणायचो त्याला. सही येत नव्हती, पगाराला अंगठा उठवायचा. (बघा, अंगठा इथंही आलाच.) तात्यानं भाषण कधी केलं नाही. चातीवरची बॉबिन काढायची, तुटलेलं टोक हुडकायचं, वर रोलरपाशी नेऊन जोड लावायचा. तो एकदा करून दाखवायचा, मग मी करायचा, तो बाजूला उभा. तो माझ्यापाशी उभा राहिला की तिकडं त्याच्या स्वतःच्या फ्रेमवर धागे तुटत जायचे. सुपरवायझर यायचा, बोंब मारायचा. तात्या म्हणायचा, ‘पोरगं शिकतंय. ते माझ्या नावावर लावा.’

माझ्या नावावर लावा! एवढं वाक्य मला शाळेतल्या दहा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं.

पुढं कधीतरी डाव्या हातानं जोड लावायची माझी एक तऱ्हा बसली. चार सेकंद वाचायचे. तात्याची चाळीस वर्षांची सवय उजव्या हाताची. त्यानं बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘दाव रं परत.’

मला वाटतं मास्तर आणि विद्यार्थी यांच्यातलं जे काय खरं आहे ते या दोन वाक्यांत आलं. बाकीचं हारतुरे.

पहिलं वाक्य घ्या. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा शाळा सुटल्यावर वाचत बसायचा. तिथं कृष्णराव अर्जुन केळुसकर यायचे. ते विल्सन हायस्कुलात मास्तर. पोरगा एल्फिन्स्टनचा, म्हणजे यांच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही, निकालाशी संबंध नाही. त्याच्या स्वतःच्या शाळेत काय होतं? गणित सोडवायला फळ्याकडं बोलावला तर बाकीच्या पोरांनी धावत जाऊन फळ्यामागचे आपले डबे उचलले. संस्कृत पाहिजे होतं, मिळालं नाही; फारसी घ्यावं लागलं. केळुसकरांनी मात्र त्या पोराला पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सभेत आपण स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. आणि पुढं कॉलेजच्या पैशाची अडचण आली तेव्हा त्याला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडं गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मास्तरनं आपलं वजन दुसऱ्याच्या पोरासाठी राजापुढं टाकलं. द्रोणानंही राजवाड्यात वजन टाकलं होतं, पण ते ज्याचा आधीच राजवाडा होता त्याच्यासाठी. मला फरक कळतो तो इथं.

सिगालोवाद सुत्तात बुद्धानं सहा दिशा सांगितल्यात. पूर्वेला आईबाप, दक्षिणेला आचार्य, अशा. (कामगार खालच्या दिशेला. वाचताना हसू आलं. पण मालकानं कामगाराला झेपेल तेवढंच काम द्यावं, आजारपणात बघावं, सुट्टी द्यावी, हेही तिथंच आहे, तेव्हा हसू आवरलं.) विद्यार्थ्यानं आचार्यासाठी पाच गोष्टी करायच्या, तशा आचार्यानंही विद्यार्थ्यासाठी पाच करायच्या. त्यात चांगलं शिकवणं, हातचं न राखता शिकवणं हे आहेच. शिवाय आपल्या मित्रांत, सोबत्यांत त्याच्याबद्दल चांगलं बोलावं, आणि तो जिकडं जाईल तिकडं त्याला संरक्षण राहील असं करावं. म्हणजे मास्तरचं काम वर्गाच्या दारात संपत नाही. स्टाफरूममध्ये चहा पिताना तो पोराविषयी काय बोलतो, ते धम्मात मोजलं जातं. आपल्या पोरांविषयी स्टाफरूममध्ये काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. मी लिहीत बसत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवतात ते बघायला सुखदेव थोरातांची समिती नेमली होती. २००७ साली अहवाल आला. त्यात पोरांची मोठी तक्रार होती ती शिक्षकांबद्दल: दुसऱ्यांना देतात तेवढा वेळ आम्हाला देत नाहीत, आम्हाला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. कुणी काठी उगारली नव्हती. दार तेवढं आतनं ओढून घेतलं होतं. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातनं काढलेल्या पाचांतला एक. तो गेल्यावर तिथल्या दलित-आदिवासी प्राध्यापकांनी कारभारातली पदं सोडत असल्याचं जाहीर केलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांच्या डोक्यावर कोण बसलंय ते गिरणीत बसून मला काय कळणार. पण त्या एवढ्या मोठ्या आवारात, तो असताना, ‘ते माझ्या नावावर लावा’ असं वरच्या खुर्चीतलं कोण म्हणालं असेल? मी हा प्रश्न खूप दिवस घेऊन फिरतोय.

आता दुसरं वाक्य, तात्याचं. दाव रं परत.

बाबासाहेबांनी तीन गुरू मानले: बुद्ध, कबीर, फुले. तिघांपैकी एकाचंही तोंड त्यांनी बघितलं नव्हतं. जोतीराव तर २८ नोव्हेंबर १८९० ला गेले आणि बाबासाहेब जन्मले १४ एप्रिल १८९१ ला. साडेचार महिन्यांनी हुकलं. म्हणजे एकलव्यासारखंच झालं म्हणायचं, न भेटलेल्या मास्तरकडून शिकणं. पण इथं अंगठा मागणारं कुणी नव्हतं, आणि पुतळ्यापुढं गप्प बसणाराही कुणी नव्हता. बुद्धानंच कालामांना सांगून ठेवलंय की हा आपला आचार्य आहे एवढ्यासाठी कशावर विश्वास ठेवू नका. विनयात तर आणखी पुढं: उपाध्यायाच्या मनात चुकीची दृष्टी शिरली तर शिष्यानं ती दूर करावी. आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायानं त्याची शुश्रूषा करावी. दोन्ही एकाच ठिकाणी. जो तुमच्या उशाशी बसतो त्याला ‘तुमचं चुकतंय’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. कोलंबियात शिकवणारे जॉन ड्यूई बाबासाहेबांना प्रत्यक्ष भेटलेले मास्तर. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेब त्यांचं ऋण मोकळेपणानं सांगतात, आणि अमेरिकेतल्या मास्तरचा विचार सरळ आपल्या जातीवर लावून दाखवतात. ही दक्षिणा. बोट न् बोट शाबूत ठेवून दिलेली.

आणि मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोरगी, चौदा वर्षांची. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. मी तो वाचताना एकच शोधत होतो: मास्तरचा हात कुठं दिसतो का. घासून गुळगुळीत केलेलं, पाहुण्यांना आवडेल असं एखादं वाक्य. मला दिसलं नाही. पोरगी आभार मानत बसत नाही, थेट देवाधर्माला जाब विचारते. तीन वर्षांत लिहायला शिकलेलं पोर असं लिहितं तेव्हा शिकवणारानं स्वतःला किती मागं घेतलं असेल! तुमच्यातनं एवढं म्हणजे लई झालं, असं तिला कुणी म्हटलेलं नाही एवढं नक्की.

हे सगळं मी लिहितोय कारण आता मलाच पोरं ‘सर’ म्हणतात. आमच्या विहारात आठवड्यातनं तीन संध्याकाळी मी वाचन आणि गणित घेतो. मांगवाड्यातली पोरं येत नव्हती. येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नाही. ‘विहार म्हारांचा’ असं त्यांच्या घरी बोलतात, आणि ते ऐकून आमच्यातल्या दोघा-तिघांना बरं वाटतं. म्हणून वर्ग बाहेर पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर आणला. आता तिकडची चार पोरं येतात. विहार समितीतले एक काका मला म्हणाले, ‘अरे, घर असताना दारात कशाला बसतोस?’ मी म्हटलं, काका, दार उघडं असतं तर पोरं आधीच आत आली असती. ते रागावले. त्यांनीच मला लहानपणी वंदना शिकवलीय, तेव्हा त्यांचा राग मला सोपा नाही.

गेल्या महिन्यात कट्ट्यावर मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. मांगवाड्यातली एक पोरगी, सहावीला आहे, शेवटी उठून उभी राहिली.

‘सर, ती आमच्यातली?’

‘व्हय.’

‘मग तुमच्या विहारात तिचा फोटू का न्हाई?’

आमच्यातली पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी तिला म्हटलं, हे समितीपुढं विचारायला येशील का, मी तुझ्याबरोबर उभा राहतो. ती म्हणाली, आईला विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली, मला वरखाली बघितलं आणि विचारलं, ‘आन् तिकडं कोन काय बोललं तर?’ माझ्या नावावर लावा, म्हटलं.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी बैठक आहे. समितीनं आधीच निरोप पाठवलाय की भिंतीवर जागा नाही. मी काल टेप घेऊन गेलो होतो. पूर्वेकडची भिंत साडेसात फूट रिकामी आहे.