कडू लेप आणि नकळत घडलेले हित

चेन्नईहून बंगळूरकडे निघालेल्या प्रवाशाला श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. १९९८ पासून तेथे ह्युंदाईच्या मोटारी तयार होत आहेत; आणि जवळच चेंबरंबाक्कमचा विस्तीर्ण तलाव चेन्नईची तहान भागवतो आहे. अशा प्रदेशात भाताच्या खाचरात पडलेला युरिया पिकात किती उतरतो आणि पाण्यात किती, हा प्रश्न केवळ कृषिशास्त्राचा राहत नाही.

खाचरात टाकलेल्या युरियातील नत्रापैकी निम्म्याहून कमीच भाताला लाभते. उरलेले हवेत जाते वा नायट्रेट होऊन खाली पाझरते. निंबोळीच्या तेलाचा लेप दिला, की नायट्रेट घडविणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते, पिकाला अवधी मिळतो, आणि लेप मातीतच कुजून जातो. युरियात निंबोळी पेंड मिसळण्याची रीत आपल्याकडील शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला हा लेप सक्तीचा केला. नत्र वाचावे आणि अनुदानाचा स्वस्त युरिया कारखान्यांकडे वळू नये, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. २०१८ मध्ये गोणी ५० किलोंवरून ४५ किलोंवर आली. शेतकरी किलो मोजत नाही, गोण्या मोजतो, हे हेरून योजलेली ही युक्ती!

मी अडखळतो तो येथे. गोणीमागे पाच किलो युरिया ज्याने नकळत कमी टाकला, त्याने संयम पाळला काय? पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला समजून-उमजून चावतो. दाण्यावरचा हा कडवटपणा मात्र दुसऱ्याने चढविलेला आहे. कर्मामागील हेतूला आपल्या नीतिविचारात मोठा मान आहे, आणि त्या कसोटीवर या संयमाचे श्रेय शेतकऱ्याला देता येत नाही. पण विहिरीचे पाणी हेतू विचारीत नाही. ज्या तान्ह्या मुलाच्या दुधात ते मिसळायचे, त्याच्या पोटात नायट्रेट कमी गेले, एवढे पुरेसे आहे. म्हणून काहीशा अनिच्छेने का होईना, मी या नकळत घडलेल्या हिताच्या बाजूने कौल देतो.

तरीही एक सल राहतो. वजन गोणीवर छापलेले असते, हे खरे. पण ते का घटविले, हे छापलेले नसते. पेंडीचे मर्म ज्याला कळते, त्याला या पाच किलोंचे कारण कळले नसते, असे आपण कशाच्या बळावर मानले? आणि हे विचारणारा मी तरी कोण? त्याच महामार्गाने मोटारीतून जाताना मी ती खाचरे काचेआडून पाहिली. बांधावर उतरून कोणाशी बोललो नाही.